पडद्यावरचा ग्रेडियंट आणि कॉलममधला ग्रेडियंट : एचपीएलसीसाठी द्रावक निवडण्याची आणि ग्रेडियंट बसवण्याची कार्यपद्धती

एचपीएलसीची, म्हणजे उच्च दाबाने द्रावक कॉलममधून ढकलून मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या तंत्राची, नवी पद्धत बसवताना बहुतेकांचा सर्वाधिक वेळ ग्रेडियंटचा चढ (धावेदरम्यान द्रावकांचे प्रमाण बदलत नेण्याचा वेग) पुन्हा पुन्हा बदलून पाहण्यात जातो. चढ बदलणे सोपे असते, पडद्यावर चार आकडे टाकले की झाले. पण आलेखावरची जी दोन शिखरे (एक शिखर म्हणजे साधारणतः एक घटक) एकमेकांना चिकटून बसलेली असतात ती अनेकदा पीएच चुकल्यामुळे किंवा द्रावक चुकल्यामुळे चिकटलेली असतात, आणि तिथे चढाशी कितीही खटपट केली तरी हाती फारसे लागत नाही. शिवाय पडद्यावर लिहिलेला ग्रेडियंट आणि कॉलमपर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारा ग्रेडियंट यांत उपकरणागणिक फरक असतो. म्हणून आधी उपकरण, मग द्रावक आणि पीएच, आणि शेवटी चढ, हा क्रम पाळावा. पुढील विवेचन सी-१८ सारख्या कॉलमवरील रिव्हर्स्ड फेज पद्धतीसाठी (जिथे कॉलममधला भराव तेलकट स्वभावाचा आणि द्रावक पाणीमिश्रित असतो), अतिनील डिटेक्टरसाठी आणि साधारण हजार डाल्टनपेक्षा लहान रेणूंसाठी आहे.

आधी उपकरणाचे ड्वेल व्हॉल्यूम मोजा

दोन द्रावक जिथे मिसळतात तिथपासून कॉलमच्या तोंडापर्यंतच्या नळ्या, मिक्सर, इंजेक्टर यांत जे द्रव मावते त्याला ड्वेल व्हॉल्यूम म्हणतात. पडद्यावर ग्रेडियंट सुरू झाला तरी हे आकारमान रिकामे होईपर्यंत कॉलमला सुरुवातीचेच मिश्रण मिळत राहते. पंपाच्या अलीकडे, कमी दाबावर द्रावक मिसळणाऱ्या चार मार्गांच्या जुन्या उपकरणांत ते १ मिली किंवा त्याहूनही अधिक असू शकते. अतिउच्च दाबाच्या नव्या उपकरणांत ते काही दशांश मिलीवर आलेले असते. पुस्तिकेतील आकड्यावर विसंबू नये, कारण कुणीतरी मिक्सर किंवा इंजेक्टरचा लूप बदललेला असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते.

मोजणी अर्ध्या तासाची आहे. कॉलम काढून त्या जागी पुरेसा दाब निर्माण करणारी बारीक केशनलिका जोडावी. अ बाटलीत शुद्ध पाणी आणि ब बाटलीत ०.१ टक्का अ‍ॅसिटोन मिसळलेले पाणी ठेवावे. डिटेक्टर २६५ नॅनोमीटरवर ठेवून, मिनिटाला १ मिली प्रवाहाने, १० मिनिटांत ० ते १०० टक्के ब असा सरळ ग्रेडियंट चालवावा आणि शेवटी काही मिनिटे १०० टक्क्यांवर थांबावे. आलेखावर शोषण हळूहळू चढते आणि वर जाऊन सपाट होते. एकूण चढाईची निम्मी उंची ज्या क्षणी गाठली जाते त्या वेळेतून ५ मिनिटे, म्हणजे ग्रेडियंटचा निम्मा काळ, वजा करावा. उरलेली मिनिटे गुणिले प्रवाहदर हेच ड्वेल व्हॉल्यूम. निम्मी उंची ६.० मिनिटांना आली असेल तर ते १.० मिली झाले. हाच आलेख बारकाईने पाहावा: मधली रेषा सरळ न जाता कुठे पायऱ्या पडलेल्या किंवा वाकलेली दिसली, तर द्रावकांचे प्रमाण ठरवणारी झडप किंवा मिक्सर नीट काम करत नाही असे समजावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत पुढचे काम हाती घेऊ नये.

द्रावक : अ‍ॅसिटोनायट्राइल की मिथेनॉल?

सवयीने सगळे अ‍ॅसिटोनायट्राइलपासून सुरुवात करतात आणि त्याला कारणेही आहेत. ते सुमारे १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक असते, तर मिथेनॉल साधारण २०५ नॅनोमीटरच्या खाली स्वतःच शोषण करू लागते. म्हणून २१० नॅनोमीटरवर मिथेनॉलचा ग्रेडियंट चालवला की बेसलाइन, म्हणजे शिखरांखालची पायाची रेषा, ठळकपणे चढत जाते. दुसरे कारण विष्यंदितेचे. शुद्ध मिथेनॉल पाण्यापेक्षा पातळ असले तरी मिथेनॉल आणि पाणी यांचे जवळपास निम्मे-निम्मे मिश्रण दोहोंपेक्षा बरेच दाट असते, त्यामुळे ग्रेडियंटच्या मध्यावर दाब चढतो आणि पुन्हा उतरतो. अ‍ॅसिटोनायट्राइलच्या मिश्रणात असा फुगवटा फारच कमी असतो. दाबाची मर्यादा ठरवताना सुरुवातीचा दाब नव्हे, तर या मधल्या टप्प्यावरचा दाब धरावा.

तरीही मिथेनॉलला दुय्यम मानणे चुकीचे आहे, असे माझे मत आहे. मिथेनॉल हायड्रोजन बंध देतेही आणि घेतेही. अ‍ॅसिटोनायट्राइलचे वर्तन मुख्यतः त्याच्या द्विध्रुवामुळे ठरते. म्हणूनच एका द्रावकात एकत्र पडणारी शिखरे दुसऱ्यात सहज सुटी होतात, कधी त्यांचा क्रमच उलटतो. फिनाइल कॉलम वापरत असाल तर मिथेनॉल आधी घ्यावे, कारण अ‍ॅसिटोनायट्राइलमधील त्रिबंधाचे पाय (π) इलेक्ट्रॉन नमुना आणि फिनाइल वलय यांच्यातील आकर्षणात लुडबुड करतात आणि ज्या गुणासाठी तो कॉलम घेतला तोच मंदावतो. पुरवठ्याचाही प्रश्न आहे: अ‍ॅसिटोनायट्राइल हे मुख्यतः अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनातून मिळणारे उपउत्पादन असल्याने २००८-०९ मध्ये ते उत्पादन घटताच जगभरच्या प्रयोगशाळांना त्याचा तुटवडा जाणवला आणि अनेकांना आपल्या पद्धती मिथेनॉलवर आणाव्या लागल्या. असा बदल करताना ढोबळमानाने ५० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलची ताकद ६० टक्के मिथेनॉलएवढी धरावी. टेट्राहायड्रोफ्युरान याहून बलवान असते आणि त्याची निवडक्षमताही (दोन घटकांना एकमेकांपासून वेगळे करण्याची क्षमता) वेगळी असते, पण त्यात पेरॉक्साइड तयार होतात, ते लघु तरंगलांबीवर शोषण करते आणि पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकच्या नळ्यांना ते मानवत नाही. त्यामुळे दुसरा मार्ग खुंटल्यावरच त्याच्याकडे वळावे.

पीएच, जो चढाच्या आधी ठरला पाहिजे

नमुन्यात आम्लधर्मी किंवा आम्लारिधर्मी रेणू असतील तर शिखरांच्या जागेवर सर्वांत मोठा प्रभाव पीएचचा असतो. आयनित झालेला रेणू रिव्हर्स्ड फेज कॉलमवर फार कमी थांबतो, अनायनित रेणू बराच थांबतो, आणि पीएच जर रेणूच्या पीकेए मूल्याच्या (ज्या पीएचवर निम्मे रेणू आयनित असतात त्याच्या) जवळ असेल तर दोन्ही अवस्था एकाच वेळी हजर असतात. अशा ठिकाणी बफर बनवताना एका दशांशाचा फरक पडला तरी शिखर सरकते आणि काल उत्तम चाललेली पद्धत आज शेजारच्या शिखरावर चढते. म्हणून पीएच हा महत्त्वाच्या घटकांच्या पीकेए मूल्यापासून किमान १.५ ते २ एकक दूर ठेवावा.

बफर त्याच्या पीकेए मूल्याच्या आगेमागे एका एककापर्यंतच नीट काम करतो. फॉस्फेटची उपयोगी मूल्ये २.१ आणि ७.२, फॉर्मेटचे ३.८, अ‍ॅसिटेटचे ४.८ आणि अमोनियमचे ९.२ आहे, यावरून ३.१ ते ६.२ या पट्ट्यात फॉस्फेट का लटके पडते हे ध्यानात येईल. मास स्पेक्ट्रोमीटर जोडायचा असेल तर फॉस्फेट बाद होते, कारण ते बाष्पनशील नाही, तिथे ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल (पीएच सुमारे २.७) किंवा अमोनियम फॉर्मेट, अ‍ॅसिटेट घ्यावे. फॉर्मिक आम्लाची एक उणीव मात्र लक्षात ठेवावी. त्याचे आयनिक बल फार कमी असल्याने आम्लारिधर्मी औषधांची शिखरे थोड्याशा जादा भारानेही मागे शेपटी टाकू लागतात. लोक कॉलमला दोष देतात, पण त्याच आम्लात १० मिलीमोलर अमोनियम फॉर्मेट घातले की शेपटी आखडलेली दिसते. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल सुबक शिखरे देते, पण मास स्पेक्ट्रोमीटरच्या इलेक्ट्रोस्प्रेमध्ये संकेत दडपते. साध्या सिलिकावरील कॉलम पीएच २ ते ८ मध्येच वापरावा; त्यावर जायचे तर त्यासाठी बनवलेला संकरित कणांचा कॉलम लागतो.

मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारे मिश्रण) बनवताना

पीएच जलीय भागाचाच आणि सेंद्रिय द्रावक मिसळण्यापूर्वीच मोजावा, कारण मिश्रणात इलेक्ट्रोडने दाखवलेला आकडा वेगळ्याच अर्थाचा असतो. पाणी आणि सेंद्रिय द्रावक स्वतंत्रपणे मोजून मग एकत्र करावेत; एकाच मोजपात्रात खुणेपर्यंत भरू नयेत. पाणी आणि मिथेनॉल मिसळले की ऊब येते आणि एकूण आकारमान घटते, पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळले की मिश्रण थंड पडते, आणि दोन्ही प्रसंगी खूण गाठण्याची पद्धत मिश्रणाचे प्रमाण बिघडवते.

अ बाटलीत ५ टक्के सेंद्रिय द्रावक आणि ब बाटलीत ५ टक्के जलीय भाग आधीच मिसळून ठेवणे ही चांगली सवय आहे. जलीय बाटलीतले सेंद्रिय द्रावक जंतूंची वाढ रोखायला मदत करते, पंपाच्या झडपेला अगदी टोकाची प्रमाणे द्यावी लागत नाहीत, आणि साध्या सी-१८ कॉलमच्या छिद्रांतून पाणी बाहेर फेकले जाण्याचा धोका टळतो. हा धोका १०० टक्के जलीय मिश्रणात प्रवाह थांबवल्यावर विशेषतः दिसतो: पुन्हा सुरू केल्यावर शिखरे एकदम लवकर येतात, आणि कॉलम ५० टक्क्यांहून अधिक सेंद्रिय द्रावकाने धुतल्यावरच तो पूर्ववत होतो. अर्थात असे आधी मिसळले असेल तर पडद्यावरचे ० टक्के ब म्हणजे प्रत्यक्षात ५ टक्के सेंद्रिय द्रावक, ही नोंद पद्धतीत लिहिलीच पाहिजे. फॉस्फेट बफर असेल तर अ‍ॅसिटोनायट्राइलचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर नेऊ नये. मीठ पंपात आणि मिक्सरमध्ये साका धरते. शंका असेल तर बफर आणि अ‍ॅसिटोनायट्राइल अंतिम प्रमाणात एका परीक्षानळीत मिसळून थंड जागी ठेवावे आणि काही वेळाने गढूळपणा येतो का ते उजेडात पाहावे.

पहिली चाचणी-धाव आणि ती वाचण्याची रीत

आता चढ. पहिल्या धावेत ५ ते ९५ टक्के ब असा सरळ, रुंद ग्रेडियंट २० मिनिटांत चालवावा; कॉलम १५० बाय ४.६ मिमी, प्रवाह मिनिटाला १ मिली, तापमान ३० किंवा ३५ अंश. फॉस्फेट असेल तर वरची मर्यादा अर्थातच आखडावी. त्याआधी नमुना न घालता एक कोरी धाव घ्यावी.

समजा ड्वेल व्हॉल्यूम १.० मिली आहे, पहिले शिखर ५.६ मिनिटांना आणि शेवटचे १४.२ मिनिटांना आले. दोहोंतील अंतर ८.६ मिनिटे, म्हणजे ग्रेडियंटच्या काळाच्या ४३ टक्के. हे अंतर २५ टक्क्यांपेक्षा कमी असते तर एकाच स्थिर मिश्रणावर काम भागले असते आणि ग्रेडियंटचा व्याप टाळता आला असता. ४० टक्क्यांपेक्षा अधिक असल्याने ग्रेडियंट लागणारच. मधल्या पट्ट्यात दोन्ही जमतात, आणि माझा कल तिथे स्थिर मिश्रणाकडे असतो, कारण त्यात पुन्हा स्थिरावण्याचा वेळ वाचतो.

पुढे प्रत्येक शिखर बाहेर पडताना त्याच्याभोवती प्रत्यक्ष किती टक्के ब होते ते काढावे. कॉलमचे रिक्त आकारमान (भराव सोडून द्रवासाठी उरणारी जागा) मिलीमध्ये काढण्याची ढोबळ रीत अशी: लांबी सेंटिमीटरमध्ये, गुणिले आतल्या व्यासाचा सेंटिमीटरमधील वर्ग, गुणिले ०.५. इथे ते सुमारे १.६ मिली येते, म्हणजे १.६ मिनिटे. त्यात ड्वेलचे १.० मिनिट मिळवले की २.६ मिनिटांचा उशीर होतो. ग्रेडियंट मिनिटाला ४.५ टक्क्यांनी चढतो. पहिल्या शिखरासाठी ५.६ वजा २.६ म्हणजे ३.० मिनिटांत १३.५ टक्के चढ, अधिक सुरुवातीचे ५, एकूण १८.५ टक्के. शेवटच्या शिखरासाठी ११.६ मिनिटांत ५२.२ अधिक ५, म्हणजे सुमारे ५७ टक्के. उशीर धरला नसता तर हाच शेवटचा आकडा ६९ टक्के वाटला असता आणि ग्रेडियंटचे शेपूट विनाकारण लांबले असते. यावरून नवा ग्रेडियंट १० ते ६० टक्के असा बसतो: पहिल्या शिखराआधीचा आणि शेवटच्या शिखरानंतरचा रिकामा भाग गेला.

चढ किती ठेवावा

वाचलेला वेळ धाव छोटी करण्यात घालवण्यापेक्षा चढ सौम्य करण्यात घालावा. किती सौम्य, याचे उत्तर अंदाजाने शोधावे लागत नाही. ग्रेडियंटमध्ये रेणूचा सरासरी धारण गुणांक (रेणू कॉलमवर किती थांबतो याचे माप) काढता येतो: ग्रेडियंटचा काळ मिनिटांत, गुणिले प्रवाहदर, याला १.१५, रिक्त आकारमान, ब च्या प्रमाणातील एकूण बदल दशांशात आणि एस नावाचा स्थिरांक, या चौघांच्या गुणाकाराने भागायचे. लहान रेणूंसाठी एस सुमारे ५ धरतात. लॉइड स्नायडर आणि जॉन डोलन यांनी रुजवलेल्या रेषीय द्रावक-बल सिद्धांताचे हे फलित आहे. पहिल्या धावेत २० भागिले (१.१५ गुणिले १.६ गुणिले ०.९ गुणिले ५) म्हणजे सुमारे २.४. नव्या १० ते ६० टक्क्यांच्या ग्रेडियंटला २० मिनिटेच दिली तर गुणांक ४.३ होतो. हा गुणांक २ ते १० मध्ये असावा आणि ५ च्या आसपास असला तर उत्तम. त्यापुढे वेळ आणि शिखरांची रुंदी वाढते, विभेदनात, म्हणजे शिखरे किती सुटी झाली त्यात, मात्र त्या मानाने फार कमी भर पडते. प्रथिने आणि मोठ्या पेप्टाइडांचा एस बराच मोठा असल्याने त्यांना कितीतरी सौम्य चढ लागतो.

याच सूत्रातून एक अशी गोष्ट निघते जी फार जण विसरतात: प्रवाहदर बदलला आणि काळ तोच ठेवला, तर चढही बदलतो. प्रवाह दुप्पट केल्यावर शिखरांचा क्रम बिघडला म्हणून कॉलमला नावे ठेवण्याआधी ग्रेडियंटचा काळ निम्मा केला होता का ते पाहावे.

चढ बदलल्याने निवडक्षमताही बदलू शकते, कारण प्रत्येक रेणूचा एस थोडा वेगळा असतो. त्यासाठी २० आणि ६० मिनिटांच्या दोन धावा, आणि त्या दोन्ही ३० व ५० अंशांवर, अशा चार धावा घ्याव्यात. एवढ्या माहितीवर ड्रायलॅबसारखे सॉफ्टवेअर मधल्या सर्व स्थितींचा अंदाज देते; सॉफ्टवेअर नसेल तर चारही आलेख एकाखाली एक मांडून शिखरांच्या रेषा हाताने जोडाव्यात. यात खरी कसोटी शिखर ओळखण्याची असते. २० मिनिटांच्या धावेत एकावर एक पडलेली दोन शिखरे ६० मिनिटांत सुटी झाली आणि ३० वरून ५० अंशांवर जाताना त्यांनी जागा बदलल्या, तर केवळ क्रमांकावरून त्यांना नाव देणारा हमखास फसतो. डायोड अ‍ॅरेवरचा (एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर मोजणाऱ्या डिटेक्टरवरचा) वर्णपट आणि क्षेत्रफळ दोन्ही जुळवूनच नाव द्यावे. सर्वांत अडचणीच्या जोडीत किमान २ विभेदन मिळाले की थांबावे. ग्रेडियंटला मध्येच सपाट पायरी देऊन एखादी जोडी सोडवण्याचा मोह होतो, पण अशा पायऱ्या दुसऱ्या उपकरणावर नेताना सर्वाधिक त्रास देतात. दोनपेक्षा अधिक तुकड्यांचा ग्रेडियंट मला संशयास्पद वाटतो.

धुणे, स्थिरावणे आणि भुताटकीची शिखरे

शेवटच्या शिखरानंतर दोन-तीन मिनिटे उच्च ब वर धुवून सुरुवातीच्या मिश्रणावर परतावे. परतल्यावर आधी ड्वेल व्हॉल्यूम आणि मग कॉलमच्या रिक्त आकारमानाच्या ५ ते १० पट द्रव जाऊ द्यावे. आपल्या उदाहरणात हे किमान ९ मिली होते. वेळ कमी करायचा असेल तर ५, १० आणि १५ मिनिटे स्थिरावून पहिल्या शिखराची जागा तपासावी. अपुरे स्थिरावणेही चालते, अट एवढीच की ते प्रत्येक धावेत तंतोतंत सारखे असावे. दिवसाची पहिली धाव कॉलम बराच वेळ स्थिरावल्यानंतर होते, म्हणून ती हिशेबात धरू नये.

कोऱ्या धावेत शिखरे दिसली तर बहुधा जलीय बाटलीतील अशुद्धी जबाबदार असतात. स्थिरावण्याच्या काळात त्या कॉलमच्या तोंडाशी गोळा होतात आणि ग्रेडियंट चढू लागला की एकदम बाहेर पडतात. खात्री करण्याची सोपी युक्ती म्हणजे स्थिरावण्याचा काळ दुप्पट करणे. शिखरेही सुमारे दुप्पट झाली तर दोष पाण्याचा, बफरच्या मिठाचा किंवा त्या बाटलीच्या गाळणीचा आहे. तशीच राहिली तर इंजेक्टरकडे आणि नमुन्याच्या द्रावकाकडे पाहावे. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लामुळे बेसलाइन सरकत असेल तर अ मध्ये ०.१ आणि ब मध्ये ०.०८५ ते ०.०९ टक्के आम्ल ठेवून २१५ नॅनोमीटरवर काम करावे. पहिली दोन-तीन शिखरेच रुंद किंवा दुभंगलेली असतील तर नमुना सुरुवातीच्या मिश्रणापेक्षा बलवान द्रावकात विरघळवलेला असतो. तो पातळ करावा किंवा इंजेक्शन घटवावे.

दुसऱ्या कॉलमवर आणि उपकरणावर नेताना

समजा हीच पद्धत ५ मायक्रोमीटर कणांच्या १५० बाय ४.६ मिमी कॉलमवरून ३ मायक्रोमीटर कणांच्या १०० बाय २.१ मिमी कॉलमवर न्यायची आहे. लांबी भागिले कणाचा आकार हे गुणोत्तर ३०,००० वरून सुमारे ३३,३०० होते, म्हणजे ११ टक्के वाढ. अमेरिकी औषधकोशाचे ६२१ वे प्रकरण १ डिसेंबर २०२२ पासून ग्रेडियंट पद्धतींतही उणे २५ ते अधिक ५० टक्क्यांपर्यंतचा असा बदल मान्य करते. प्रवाहदर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटवायचा आणि कणांच्या गुणोत्तरात वाढवायचा, तो मिनिटाला सुमारे ०.३५ मिली येतो. रिक्त आकारमान ०.२२ मिली असल्याने २० मिनिटांचा ग्रेडियंट ८ मिनिटांचा होतो, आणि २० मायक्रोलिटरचे इंजेक्शन २.८ मायक्रोलिटरचे.

इथे ड्वेल व्हॉल्यूम पुन्हा आड येते. मूळ पद्धतीत ते रिक्त आकारमानाच्या ०.६३ पट होते. नव्या कॉलमसाठी तेच प्रमाण राखायला ०.१४ मिली हवे. नव्या उपकरणाचे ड्वेल व्हॉल्यूम ०.३ मिली निघाले तर ग्रेडियंट कॉलमवर सुमारे अर्धा मिनिट उशिरा पोहोचेल आणि सुरुवातीची शिखरे सर्वाधिक हलतील. ग्रेडियंट सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटाने नमुना सोडणे हा यावरचा सरळ उपाय आहे. उलट नव्या उपकरणाचे आकारमान गरजेपेक्षा कमी असेल, तर ग्रेडियंटच्या आधी तेवढा काळ सुरुवातीचे मिश्रण स्थिर ठेवावे. पद्धतीच्या कागदावर कॉलम, द्रावक, पीएच आणि ग्रेडियंटचा तक्ता यांच्याच ओळीत, ज्या उपकरणावर ती बसवली त्याचे मोजलेले ड्वेल व्हॉल्यूम मिलीमध्ये आणि मोजणीच्या तारखेसह लिहावे.